प्रश्न पुरा होईपर्यंत

नातीने घोड्यांच्या स्पर्धेत नाव दिलं तेव्हा माझ्या तोंडात दोनच शब्द धड शिल्लक होते: माका नको.

चहा हवा असला तरी माका नको, पंखा लावायचा असला तरी माका नको. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले. उजव्या हाताने भाकरी थापता येईना, तेवढंच राहिलं. बोलणं मात्र पार कोलमडलं. डोक्यात सगळं लख्ख असायचं, पण जिभेवर येईस्तोवर शब्द कुठे सटकायचा देव जाणे. एकेक ओढून काढावा लागे आणि काढेपर्यंत पुढचा पळालेला असे. आणि मी कोण? टेलिफोन खात्यात जन्म काढलेली बाई. ट्रंक कॉल लावून द्यायचे, आरडाओरडा करणाऱ्या शेटांना एका वाक्यात गप्प करायचे. आमच्या सेक्टरात कुणाच्या घरी भांडण झालं तर सोडवायला मला बोलवत. कारण मी बोलायला लागले की दोन्ही पार्ट्या दमायच्या.

तर अशा बाईची बोलती बंद. घरात सगळे जीव लावणारे, त्याचाच त्रास जास्त. मी एक अक्षर उच्चारलं की पुढचा शब्द पुरवायला हजर. त्यात आमचे हे पहिले. माणूस लाख मोलाचा, पण दम म्हणून नाही. मी 'खि' म्हटलं की यांनी कुकर चढवलाच. मला खिडकी उघडून हवी होती हो. तीन दिवस खिचडी गिळली, चौथ्या दिवशी ताट सरकवलं तर मुलाला सांगतात, हिची भूकच मेलीय रे. मी कपाळावर हात मारून घेतला. त्यावर, डोकं दुखतंय का, म्हणून बाम घेऊन आले.

बोरिवलीला बोलणं शिकवणारी एक डॉक्टरबाई होती, वयाने अगदी पोर. तिने यांना समोर बसवून बजावलं होतं, की आजींना रोज मोठ्याने वाचायला लावा आणि काही झालं तरी त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. हे मान डोलावत होते. तिथून खाली उतरलो, मी 'रि' म्हटलं आणि यांनी रिक्षा थांबवलीसुद्धा. आता रिक्षाच हवी होती हे खरं, पण मला ते म्हणायचं होतं ना.

मोठ्याने वाचायला मला पेपर देऊन बसवायचे. चार शब्द वाचले की घशाशी यायचं. ज्याला आपलं ऐकायचंच नाहीये त्याच्यासमोर वाचण्यात काय जीव लागणार? मी पेपर घडी करून पायाखाली घेई.

नात तेव्हा सातवीत. आमच्या चारकोपच्या बिल्डिंगमागे लग्नाचा हॉल आहे. वरातीची घोडी तिथे तास तास उभी असते, बाजूला जनरेटर धडधडतोय आणि बँडवाले वडापाव खातायत. आमची पोर चार वर्षांची असल्यापासून तिथे जाऊन उभी राहायची. घोडी झोपलीय का गं आजी, उभ्या उभ्या कशी झोपली, पडत कशी नाही? मला कुठे माहीत! आमच्या कोकणात म्हशी आणि बैल, घोडा बघायचा तो देवळातल्या चित्रात. पुढे तिने शाळेच्या लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि स्वतःच शोधून काढलं. पण घोड्याला हात लावायची हिंमत कधी झाली नाही. वरातीचा माणूस खेकसायचा.

मग शाळेत ही स्पर्धा आली. गोराईला खाडीपलीकडे घोड्यांची एक पागा आहे, श्रीमंतांची मुलं तिथे घोडेस्वारी शिकतात. त्यांनी उपनगरातल्या शाळांसाठी घोड्यांच्या माहितीची स्पर्धा ठेवली. घोड्यावर बसता यायची गरज नाही, फक्त माहिती हवी. तीन मुलांचा एक संघ. आणि जिंकणाऱ्या तिघांना मे महिन्याची अख्खी सुट्टी पागेत यायला मिळणार, एक घोडा सांभाळायचा, खरारा करायचा, पाणी दाखवायचं. हे वाचल्यापासून पोरीला झोप लागेना. आम्हाला पैसे भरून तिला तिथे पाठवणं जमण्यातलं नव्हतं, आणि ते तिला कुणी न सांगताही कळत होतं. तिच्या दृष्टीने घोड्यापर्यंत जायचा एवढाच रस्ता होता.

शाळेने प्रश्नोत्तरांचं पुस्तक दिलं, चांगलं ठळक मराठीत छापलेलं. आता रोज कुणीतरी प्रश्न विचारायला हवं. मुलगा-सून दोघं कामावर. आधी यांनी मनावर घेतलं. पण यांच्या पोटात प्रश्न राहतो होय? प्रश्न वाचून होतो न होतो तोच डोळ्यांनी, भुवयांनी उत्तर सांगून मोकळे. शिवाय स्वतःची भर. घोड्याची उंची हातांत मोजतात, चौदा हात, असं वाचून हे कोपरापासून बोटापर्यंत मोजत भिंतीला लागले आणि म्हणाले, छपाईची चूक आहे, एवढा घोडा तिसऱ्या मजल्यावर डोकावेल. तो हात म्हणजे चारच इंचाचा असतो, हे नातीने समजावलं तरी दोन दिवस पटलं नाही.

शेवटी ती पुस्तक घेऊन माझ्या खाटेशी आली. "आजी, तू विचार."

माका नको, मी म्हटलं. या वेळी मला तेच म्हणायचं होतं. पोरीने ऐकलं नाही. समोर फरशीवर मांडी घालून बसली, हनुवटी तळहातावर टेकवली आणि वाट बघत राहिली. मीही हट्टाने तोंड मिटून बसले. ती हलेना. माझ्यावर गेलीय ना. मग मी पुस्तक ओढलं.

पहिला प्रश्न अजून पाठ आहे. घोडा श्वास नाकाने घेतो, तोंडाने घेतो, की दोन्हींनी? एवढंसं वाक्य. मला घाम फुटला. 'घोडा' आला, 'श्वास'ला अडकले, परत 'घोडा'पासून सुरुवात. आत ओट्यावर दूध उतू गेलं, कुणीतरी गॅस बंद करायला धावलं. तिने वळूनही पाहिलं नाही. उत्तर तिला दुसऱ्या शब्दालाच आलं होतं, मला कळत होतं. तिच्या पायाची बोटं वळवळायला लागली होती. पण तोंडातून चकार शब्द नाही. मी 'दोन्हींनी'पर्यंत पोचले, श्वास टाकला, तेव्हा ती म्हणाली, फक्त नाकाने. आणि पुढचा प्रश्न ऐकायला परत हनुवटी टेकवली.

मला त्या दिवशी काय वाटलं ते सांगू? झटक्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी माझं वाक्य माझ्याकडे राहू दिलं होतं. पोरीची अलाबला घ्यावीशी वाटली.

तेव्हापासून रोज शाळा सुटली की आमचा वर्ग. घोडीच्या पोटात शिंगरू किती महिने असतं. घोड्याला उलटी का होत नाही. नाल कशाला ठोकतात. माझी जीभ हळूहळू वळायला लागली, पण गंमत अशी की फक्त घोड्यांवर. घोड्याच्या पोटदुखीची लक्षणं मी सांगायची, आणि पाणी मागताना अडखळायची. वर्सोव्याहून एक कोळीण बिल्डिंगमध्ये मासे घेऊन येते, आमची जुनी ओळख. एकदा तिच्या पाटीतली सुरमई उचलून कल्ले बघितले, लालपणा गेला होता. शिळी आहे म्हणायचं होतं. तोंडातून खणखणीत निघालं, "दात बघून वय कळतं." कोळीण पाटी ठेवून जिन्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मीही हसले. मग तिने पाटीच्या तळातून ताजी काढून दिली. घरी आल्यावर लक्षात आलं, बाहेरच्या माणसाशी आपण आज अख्खं वाक्य बोललो.

स्पर्धेला थोडे दिवस उरले असताना शाळेच्या बाई घरी आल्या. सराव सामना झाला होता आणि त्यात आमच्या नातीने एकदाही घंटी वाजवली नव्हती. शेवटची फेरी घंटीची असते. ज्याला उत्तर येतं त्याने घंटी दाबायची, प्रश्न चालू असताना मधेच दाबली तरी चालते. समोरच्या शाळेची पोरं निम्म्या प्रश्नाला दाबून मोकळी होत. आमची बाईसाहेब हात घंटीवर ठेवून प्रश्न पुरा व्हायची वाट बघत बसलेली. बाई म्हणाल्या, तिला सगळं येतं हो, पण मधेच तोडायची सवय लावा, नाहीतर संघाची वाट लागेल.

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या नाहीत, कारण सगळ्यांनी त्या मुद्दाम दुसरीकडे वळवल्या. रात्रीच्या जेवणानंतर मुलगा म्हणाला, आई, तू आता आराम कर, मी घेतो तिचं. पुस्तक माझ्या उशाखालून गेलं. स्टीलचा पेला पालथा घालून त्यावर चमचा, ही घंटी. मुलगा भराभर वाचायचा, बातम्या दिल्यासारखा. पोर चमचा हातात धरून शेवटच्या शब्दाची वाट बघायची. तोड ना गं, तोड, असं सगळे ओरडायचे. ती रडकुंडीला येई. मी आतल्या खोलीत ऐकत पडून राहायची. राग कुणाचा करायचा? सगळे तिच्याच भल्याचं करत होते. एक दिवस न्हाणीघरात नळ सोडून मनसोक्त रडून घेतलं. दोन गोष्टींचं वाईट वाटत होतं. माझा वर्ग गेला म्हणून, आणि माझ्यापायी पोरीचा घोडा जाणार म्हणून. दुसरं जास्त.

दुपारी घरात आम्ही दोघीच असताना मी पुस्तक मागून घेतलं. ती खूश होऊन मांडी घालून बसली. मी पेला-चमचा तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "मला… तोड."

ती नाही म्हणाली. मी डोळे वटारले. पुन्हा नाही. मग खाली मान घालून पुटपुटली, "सगळे तुला तोडतात."

मी हट्टाने प्रश्न सुरू केला. तिने निम्म्यात चमचा मारला, बरोबर उत्तर दिलं. पण माझं उरलेलं वाक्य घशातच राहिलं, आणि पुढचा प्रश्न काही केल्या सुरू होईना. ओठ नुसते हलले. ते तिने पाहिलं. पेला उचलून स्वयंपाकघरात ठेवून आली आणि त्यानंतर माझ्यासमोर कधी आणला नाही.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळे निघालो. गोराईला जायच्या धक्क्यावर मुलगा आणि हे होडीच्या तिकिटांच्या रांगेत, सून शाळेच्या बाईंशी फोनवर. मी आणि नात कट्ट्यावर बसलो होतो. तिने इस्त्री केलेला गणवेश घातला होता, तळवे मात्र घामाने ओले. एवढं मोठं काही मी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते, आणि बोलायचं आहे असं घरून ठरवूनही निघाले नव्हते. पण तिच्याकडे बघून राहवेना. मी तिचा हात धरला.

"तो… प्रश्न विचारणारा… तुझी आजी नाय. त्याला… बोलता येतं. तोडलंस तरी… त्याचं काय… जात नाय. त्याला… तोड."

यात घोड्याचा एक शब्द नव्हता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नक्की ना, विचारलं. मी म्हटलं, नक्की. तेवढ्यात होडी लागली.

पागेत पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या मांडल्या होत्या. कडेच्या खणांतून घोडे माना बाहेर काढून बघत होते, एक पांढऱ्या कपाळाचा तर सगळा वेळ. आधी लेखी, मग टेबलावर मांडलेलं सामान ओळखायचं, खोगीर, लगाम, रिकीब. आमचा संघ शेवटच्या फेरीत पोचला. प्रश्न विचारायला लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, आवाज असा की घोडेसुद्धा कान टवकारत. त्यांनी सुरुवात केली, "कोणत्या दुखण्यात घोडा वळून वळून…" आणि घंटी वाजली. आमच्या पोरीने वाजवली होती. पोटशूळ, ती म्हणाली. बरोबर. मी यांच्या गुडघ्यावर एवढ्या जोरात थाप मारली की हे कळवळले. मग दुसरा, मग आणखी एक. ती प्रत्येक वेळी घंटी दाबायची आणि त्या गृहस्थांकडे जरा चिंतेनेच बघायची, त्यांना काही झालं तर नाही ना म्हणून. त्यांना काय धाड भरलीय! ते मजेत पुढचं कार्ड उचलायचे.

शेवटच्या प्रश्नाला दोन्ही शाळा बरोबरीत. गृहस्थ म्हणाले, "घोडा उभ्याने झोपू शकतो…" घंटी. अर्थात तिचीच. चार वर्षांची असल्यापासूनचा तो तिचा स्वतःचा प्रश्न. पायांचे सांधे अडकवून ठेवतो म्हणून पडत नाही, तिने सांगितलं. ते म्हणाले, चूक. आणि समोरच्या संघाला प्रश्न पुरा वाचून दाखवला. घोडा उभ्याने झोपू शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला काय करावं लागतं? आडवं व्हावं लागतं, तिकडचा मुलगा म्हणाला. टाळ्या पडल्या. हे उत्तर आमच्या पोरीला झोपेतही आलं असतं. मीच तिला कितीदा विचारलं होतं.

ती स्टेजवरून उतरून सरळ माझ्याकडे आली. रडत नव्हती. "ते अजून बोलत होते, आजी," एवढंच म्हणाली आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. मुलगा, सून, शाळेच्या बाई सगळे समजावायला लागले, दुसरा नंबर काय कमी आहे, पुढच्या वर्षी बघू. हे आईसक्रीमचं बोलले. पोर मान हलवत होती आणि डोळे त्या पांढऱ्या कपाळाच्या घोड्याकडे. तोड म्हणून मीच सांगितलं होतं. आता गप्प बसणं काही खरं नव्हतं.

मी उठले. पागेच्या मालकीणबाई टेबलापाशी प्रशस्तिपत्रकं आवरत होत्या. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मागून हे आले, त्यांच्या मागून नात. मी तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे पहिल्याच शब्दाला अडकले. बाई चांगल्या होत्या, लगबगीने खुर्ची ओढली. बसायचंय का आजी? बाथरूम हवंय? ते त्या बाजूला. प्रशस्तिपत्रक नाही मिळालं का? प्रत्येक प्रश्नाबरोबर माझा शब्द आणखी आत जात होता. मी मानेने नाही नाही करत होते, डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

तेव्हा आमचे हे पुढे झाले. मला वाटलं, झालं, आता हे पुरं करणार. ते म्हणाले, "थांबा बाई. तिचं पुरं होऊ द्या."

बाई थांबल्या. मी दम घेतला.

"माझी नात… हरली. ती सुट्टीत… नाय येऊ शकत. पण तिला… एकदा… घोड्याला… हात लावू… द्याल का?"

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एकदाच कशाला, म्हणाल्या. रविवारी सकाळी इथे माणसं कमी असतात. चप्पल चालणार नाही, बूट हवेत. खरारा शिकवू, पण लीदही उचलावी लागेल, वास येतो म्हणून नाक मुरडलेलं चालणार नाही. नातीच्या बुटांची टोकं हलत होती, आत पायाची बोटं वळवळत होती. बाईंचं सगळं बोलून झालं, अगदी नाक मुरडण्यापर्यंत, तेव्हा ती हो म्हणाली.

परतीच्या होडीत ती पुढच्या फळीवर आईबापांमध्ये बसली होती, पागेसाठी जुने बूट होतील की नाही याची चर्चा चालली होती. मी आणि हे मागे. मी यांच्याकडे बघून म्हटलं, "तुम्ही… थांबलात."

हे जरा वरमले. खाडीकडे बघत म्हणाले, "खरं सांगू? मला वाटलं, तू पाणीच मागतेयस. मी पिशवीत हात घालून बाटलीचं झाकणसुद्धा काढून ठेवलं होतं."

त्यांनी बाटली बाहेर काढली. झाकण अजून उघडंच होतं, निम्मं पाणी पिशवीत सांडलं होतं. मला तहान नव्हती. तरी मी त्यांच्या हातून बाटली घेतली आणि उरलेलं सगळं पाणी प्यायले.